पाकळीखालचं रफू

चिमट्याने सोडवलेला लाखेचा पापुद्रा स्यूचिनने अलगद बशीत ठेवला, दिव्याची मान खाली ओढली, भिंग डोळ्याला लावलं, आणि आठशे वर्षांच्या वाडग्याच्या पोटात तिला आपल्या आईचं रफू दिसलं. आधी वाटलं, डोळे थकलेत. सकाळपासून ती या एका भेगेवर बसली होती. उन्हाळ्यात संग्रहालयाच्या कोठारात फांग साहेबांनी हवा कोरडी करणारं नवं यंत्र बसवलं, भल्या हेतूनेच बसवलं, पण लाख दमट हवेत वाळते आणि दमट हवेतच जगते हे फूचौ शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. साहेब उत्तरेकडचे, त्यांना कोण सांगणार. सोंग काळातला सहा पाकळ्यांचा वाडगा सहाव्या पाकळीच्या बुडाशी तडकला, आणि प्रदर्शन नऊ दिवसांवर आलेलं. लाखेखाली कापड असतं, त्यात नवल नव्हतं. लाखेच्या झाडाच्या चिकात भिजवलेलं तागाचं झिरझिरीत कापड तेव्हाही लावत, आताही लावतात. पण सोंग काळातल्या कारागिराने फाटकं कापड रफू करून लावलं असेल का? आणि लावलं असलंच, तरी ते तिरकं रफू करील का? सगळं जग उभ्या-आडव्या दोऱ्यांनी रफू करतं. स्यूचिनची आई तिरकं करायची, आणि दर तिसरा दोरा दुहेरी घ्यायची, कारण तिच्या मते पोरगी आडदांड होती आणि साधं रफू तिच्यापुढे टिकणारं नव्हतं. स्यूचिनने भिंग पुसलं. दोरे मोजले. तिसरा दुहेरी, सहावा दुहेरी, नववा दुहेरी. मग तिने भिंग खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ती नुसती बसून राहिली.

ते भोक तिनेच पाडलं होतं. नऊ वर्षांची असताना मच्छरदाणीत दिवा घेऊन चित्रांचं पुस्तक वाचत होती, ज्योत कापडाला लागली, अंगठ्याच्या नखाएवढं भोक पडलं आणि आईने पाठीत एक धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी रफू झालं. स्यूचिन झोपताना त्या जागेवर बोट फिरवायची; बाकी कापड मऊ आणि तेवढाच ठिपका खरखरीत, तो सापडला की झोप लागायची. मग एका संध्याकाळी मच्छरदाणीचा तो अख्खा पदरच गायब. वडिलांनी कापून नेला होता. त्या वर्षी कापड कुपनावर मिळायचं, वडिलांच्या लाखकामाच्या कारखान्यातलं सगळं तागाचं कापड बाहेरदेशी जायच्या फुलदाण्यांना लागायचं, आणि वडिलांना आपल्या घरच्या कामासाठी कापड हवं होतं. आई बोल बोल बोलली. "मच्छर काय कारखान्याचं कुपन बघून चावणार आहेत का," ती म्हणाली, आणि वडील हसत हसत ताटावरून उठले. उरलेला उन्हाळा स्यूचिनने अंग खाजवत काढला, आणि कापडाचा तो पदर कुठे गेला हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही.

म्हणजे विचारायची गरज नव्हती, सगळ्यांना माहीतच होतं. वडील, को तिंगफू, वाडगा करत होते. घरात एक जुना वाडगा होता, वडिलांच्या उस्तादांनी मरताना त्यांच्या ओंजळीत दिलेला, बाहेरून तपकिरी, आतून काळा, काठावर सहा पाकळ्या. नक्षी नाही, रंग नाही, नुसता आकार. वडील रोज जेवण झालं की तो समोर घ्यायचे आणि आईला ऐकवायचे, चांदीवाल्याने फुलाकडे बघितलं, लाखवाल्याने चांदीवाल्याकडे बघितलं, कुंभाराने दोघांकडे चोरून बघितलं, आता मी लाखवाल्याकडे बघतोय. आई म्हणायची, बघा बघा, आणि बघून झालं की भांडी घासायला या. त्या जुन्याच्या जोडीला तस्साच दुसरा करायचा, हे वडिलांचं वेड. मातीचा साचा, त्यावर चिकात भिजवलेलं कापड, वर राखेचा लेप, वर लाख, घासायचं, पुन्हा लाख, आणि शेवटी पाण्यात बुडवून आतली माती विरघळवून टाकायची, की उरतं ते कापडाचं पोकळ टरफल, चहाच्या पाल्यासारखं हलकं. दोन हिवाळे गेले. तेवढ्या काळात कच्चा चीक स्यूचिनच्या हातावर दोनदा उतला, बिब्बा उतावा तसा, फोडांनी हात भरून गेले, आणि आईने वडिलांशी बोलणं टाकलं. वाडगा झाला तेव्हा वडिलांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. स्यूचिनला फरक कळला नाही. शेजाऱ्यांना कळला नाही. वडील मात्र रात्रंदिवस उदास होते, काहीतरी राहिलंय म्हणायचे, काय ते सांगायचे नाहीत.

संग्रहालयाच्या कामाच्या खोलीत दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. स्यूचिनने खिडकीचा पडदा ओढला, उगाच, लाखेला ऊन लागू नये म्हणून. तिने पुन्हा भेगेत पाहिलं. कापडाच्या खाली लाकूड नव्हतं. जुन्या वाडग्यात लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक गुंडाळलेल्या असायला हव्यात. इथे कापड, त्याखाली कापड, आणि मग थेट आतली काळी लाख. यात शंका घ्यायला जागा नव्हती. हा वडिलांचा होता. मग तो दुसरा, खरा, उस्तादांचा, तो कुठे गेला, हे तिला माहीत होतं. तो गल्लीत फुटला होता. ती अठरा वर्षांची असताना, भर दुपारी, तिच्याच वर्गातल्या पोरांच्या बुटांखाली.

आणि ती पोरं आली होती तिच्यामुळे. हे स्यूचिनने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात वर्गात एकेकाला उभं करून विचारत होते, तुमच्या घरात जुन्या जगाचं काय काय आहे. कोणी आजीच्या देवाची मूर्ती सांगितली, कोणी रेशमी जोडे. स्यूचिन उठली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, आमच्याकडे सम्राटांच्या काळातला वाडगा आहे. कोणी धमकावलं नव्हतं तिला. वर्गात आजवर आपल्याकडे कोणी वळून बघितलं नव्हतं, त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी दंडाला लाल पट्टे बांधून बारा-पंधरा जण घरावर गेले. वडील कारखान्यात होते, स्यूचिन शाळेतच थांबली होती, घरी जायचा तिला धीर झाला नाही. संध्याकाळी परतली तर गल्लीत तपकिरी ठिकऱ्या. ती घरात शिरली, भिंतीकडे तोंड करून पडली ती चार दिवस तशीच. चौथ्या दिवशी आई पेजेची वाटी घेऊन जवळ बसली आणि कानाशी म्हणाली, "रडू नको. आपलाच फुटला. मी बाबांनी केलेला दिला त्यांना. खरा तांदळाच्या रांजणात आहे." स्यूचिनने उठून पेज प्यायली. त्या एका वाक्यावर ती पुढची अठ्ठावीस वर्षं जगली होती, आणि बरी जगली होती.

वडिलांचं तेवढं तिला कधी उमजलं नव्हतं. लाखेच्या घरात खेकडा येत नाही. खेकड्याचं पाणी चिकाला लागलं तर चीक वाळतच नाही, भांडं कायमचं चिकट राहतं, म्हणून लाखवाले खेकडा खात नाहीत, घरात आणत नाहीत, बाजारात खेकडेवालीच्या समोरून जातानासुद्धा हात मागे बांधतात. स्यूचिन उठून जेवायला लागली त्याच आठवड्यात वडील संध्याकाळी आले ते गवताच्या दोरीने बांधलेले दोन खेकडे हातात घेऊन. स्वतः उकडले, स्वतः फोडले, चिकाचे बुधले ठेवायच्या टेबलावर बसून खाल्ले. त्यानंतर त्यांनी लाखेला हात लावला नाही. कारखान्यात पेट्या बांधायचं काम मागून घेतलं आणि आठ वर्षांनी त्याच कामावर वारले. स्यूचिनला वाटायचं, हाताने केलेलं धुळीला मिळालं म्हणून माणूस खचला. आपलं लेकरू गेल्यासारखं झालं असेल त्यांना. आता टेबलाशी बसून ती तीच गोष्ट उलट बाजूने बघत होती. त्यांचं लेकरू रांजणात धडधाकट होतं. गेला होता तो उस्तादांनी ओंजळीत दिलेला, आणि तो आपल्या घरातून गेला, आपल्या माणसांच्या हातून गेला. तिने पाणी प्यायलं आणि वाडग्यावर ओलं फडकं झाकलं.

भेग भरायला एक तास पुरला असता. चीक आणि राख बाजूलाच कालवून ठेवली होती. वर दोन थर, दोन दिवस दमट पेटीत, कोळशाने घासायचं, झालं. पाटीवर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेलंच होतं: सोंग काळ, सहा पाकळ्यांचा वाडगा, को तिंगफू यांनी प्राण पणाला लावून वाचवला, कुटुंबाकडून भेट. जुनी वस्तू बाळगली म्हणून काळ्या यादीत गेलेलं वडिलांचं नाव त्या भेटीमुळे, मरणानंतर का होईना, निघालं होतं. त्या भेटीमुळे डोंगरात शेतकामाला धाडलेली स्यूचिन बारा वर्षांनी शहरात परत आली, बत्तिसाव्या वर्षी, लग्नाचं वय मागे टाकून, आणि तिला इथे डागडुजीच्या खोलीत नोकरी मिळाली. घरची भेट म्हणून त्या वाडग्याला तिने हात लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि तिलाही ते सोयीचं होतं. काचेतून बघायची आणि पुढे जायची. यंदा जुने डागडुजीवाले निवृत्त झाले, दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून तो टेबलावर आला. वर प्राध्यापक यिन यांचं पुस्तक. त्यांनी सहावी पाकळी इतर पाचांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी अरुंद आहे हे शोधून काढलं होतं. चांदीच्या पत्र्याचा वाडगा वळवताना जिथे सांधा येतो तिथली पाकळी अरुंद होते, आणि लाखेच्या कारागिराने चांदीची ती खोडसुद्धा उचलली, असं त्यांनी चाळीस पानं खर्चून सिद्ध केलं होतं. वाचताना स्यूचिनचा ऊर भरून आला होता. आता ती उठली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सायकल काढली.

आई दारातल्या ठेंगण्या स्टुलावर बसून माशाचे काटे काढत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण हात अजून सुईसारखे चालत. तिने मान वर केली नाही. "आज लवकर सुटलीस. हाकलून दिलं वाटतं."

"आई, त्या दिवशी पोरांना तू कुठला दिलास?"

कुठल्या दिवशी, कसली पोरं, असं काही आईने विचारलं नाही. तिने एक काटा ओढून काढला, टोपलीच्या काठावर पुसला. "जड तो," ती म्हणाली.

"चुकून?"

"मी आणि चुकून? तुझ्या बापाने दोन हिवाळे माझ्या नाकासमोर केला तो मला ओळखू येणार नाही? दोन्ही रांजणातून काढले, दोन्ही हातांत धरले. एक कोणा मेलेल्याने कोणा मेलेल्यासाठी केलेला. दुसऱ्यात आपली मच्छरदाणी, माझं रफू आणि त्या माणसाची दोन वर्षं. बाहेर दारावर लाथा बसत होत्या. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?"

"बाबांना कळलं?"

"रांजणातला उचलला आणि कळलं. हलका लागला ना हाताला." आईने मासा उलटा केला. "मला वाटलं मारतील. तर वाडगा उजेडाला धरून म्हणाले, सहावी पाकळी अरुंद झालीये. हेच राहिलं होतं, काडी मोडली होती मापाची, अंदाजाने केली. एवढंच बोलले. मग खेकडे आणले."

स्यूचिन उंबऱ्यावर बसली. तिला एकदम अठरा वर्षांची असल्यासारखं वाटलं. "मला खोटं का सांगितलंस?"

"तू जेवत नव्हतीस," आई म्हणाली.

गल्लीतून भंगारवाला घंटा वाजवत गेला. स्यूचिनला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. जे आलं ते निराळंच होतं. इतकी वर्षं आपण एक फुकटची माफी खाऊन जगलो, आणि ती माफी या दोन म्हाताऱ्या माणसांनी आपल्या पदरचं घालून आणली होती. "वर्गात मी सांगितलं होतं, आई. वाडगा आहे म्हणून."

"माहितीये. त्यातलाच एक पोरगा दारात म्हणाला, तुमच्याच पोरीने सांगितलंय."

"आणि मग संग्रहालयाला कशाला दिलास? सोंग काळातला म्हणून?"

"ते म्हणाले वाडगा द्या, नाव साफ करतो, पोरगी परत आणतो. मी वाडगा दिला. काळ त्यांनी लिहिला." आईने हात धुतले, अंगरख्यालाच पुसले आणि पहिल्यांदा मुलीकडे नीट पाहिलं. "आता भेग पडलीये ना? मग भर ती आणि गप्प बस. मी आता कितीशा दिवसांची. माझ्यामागे काय करायचं ते कर."

"नाही," स्यूचिन म्हणाली. "तू असतानाच करायचं. तू नसल्यावर केलं तर सगळे म्हणतील, म्हातारी चोरटी होती."

"होतीच की."

"असू दे. पण ते तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना."

आईने माशाची टोपली उचलली आणि म्हणाली, जेवून जा, मासा वाया जाईल.

दुसऱ्या दिवशी फांग साहेबांनी भेगेत पाहिलं, भिंगाशिवाय पाहिलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "स्यूचिनताई, हे तुमच्याशिवाय कोणाच्या बापाला कळणार आहे? भरून टाका."

"मला कळलंय, साहेब."

"यिन सर पुस्तकाच्या दोनशे प्रती घेऊन येतायत. त्या पाकळीवर अख्खं प्रकरण आहे त्यांचं."

"त्यांना सांगा, मापाची काडी मोडली होती."

"आणि तुमची नोकरी? ती कशावर मिळाली, विसरलात?"

"नाही विसरले. म्हणून तर भरत नाही." तिचा आवाज हलला नाही याचं तिलाच नवल वाटलं. आदल्या दिवसापर्यंत साहेबांच्या खोलीत शिरताना तिच्या हाताला घाम यायचा. तिने खिशातून कागद काढून पुढे सरकवला. सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला होता, पाच ओळी, सुवाच्य. वाडगा, कापडाचा, १९५७ ते १९५९. कारागीर को तिंगफू. सहाव्या पाकळीखालचं कापड घरची मच्छरदाणी, रफू करणारी त्यांची पत्नी श्वे इनमेई. या वाडग्याचा मूळ नमुना, सोंग काळातला, १९६६ साली फोडला गेला. तो घरात असल्याची खबर वर्गात देणारी, को स्यूचिन. शेवटची ओळ लिहिताना पेन दोनदा थांबलं होतं. तिसऱ्यांदा तिने ते दाबून धरलं, कागद थोडा फाटला, पण ओळ पुरी झाली. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले की वरिष्ठांना दाखवण्याआधी आजींचा जबाब लागेल, नुसत्या रफूवर कोण विश्वास ठेवणार.

आई आली ती ठेवणीतला निळा अंगरखा घालून, केस पाण्याने चोपून बसवून. बसमध्ये तिने कोणाला जागा मागितली नाही, कोणी दिली तर बसली नाही. फांग साहेबांच्या टेबलावर वाडगा पांढऱ्या कापडावर ठेवला होता, भेग उघडी. आईने वाकून पाहिलं. चौदा वर्षांत ती कधी संग्रहालयात आली नव्हती. स्यूचिनने दरवर्षी विचारलं, दरवर्षी तिचे गुडघे दुखत. तिने बोट पुढे केलं, साहेब "अहो, हात नका—" म्हणेस्तोवर ते भेगेतल्या रफूवर टेकलंसुद्धा.

"माझं आहे," ती म्हणाली. "लिहा."

साहेबांनी विचारलं, तिने सांगितलं. जड तो दिला, हलका ठेवला. कोणी भाग पाडलं नाही. नवऱ्याला विचारलं नाही. बोलताना ती खिडकीबाहेर नव्हती बघत, साहेबांकडे बघत होती. कोपऱ्यात उभ्या स्यूचिनला वाटलं, हिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी हे विचारतंय. शेवटी साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "आजी, म्हणजे तुम्ही आम्हाला चौदा वर्षं फसवलंत."

"हो."

"सरकारी संग्रहालयाला."

"पोरगी परत आणलीत, त्याचे उपकार आहेत तुमचे. ते मी विसरले नाही." आईने जबाबाच्या कागदावर अंगठा उठवला, शाईचं बोट चिंधीला पुसलं आणि मुलीला म्हणाली, "त्यांचा तो भेटीचा कागद वाच गं एकदा. मी काय दिलं म्हणून लिहिलंय?"

स्यूचिनने फायलीतला जुना कागद उचलला. "सोंग काळातला सहा पाकळ्यांचा वाडगा, नग एक."

"तो तर नाहीये तुमच्याकडे," आई फांग साहेबांना म्हणाली. "तो फुटला. हा काही मी तुम्हाला दिलेला नाही. हा माझ्या माणसाने केलाय, माझ्या मच्छरदाणीचा. आता जुना नाही म्हणता, तर मी घरी नेते."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग स्यूचिनकडे. मग फायलीकडे. असं करता येत नाही, म्हणाले. वर विचारावं लागेल, म्हणाले. प्रांताच्या कचेरीत, कदाचित त्याच्याही वर, आणि तिथून उत्तर कधी येईल, येईल की नाही, कोणी सांगावं.

"विचारा की," आई म्हणाली. टेबलासमोरची खुर्ची तिने दोन्ही हातांनी मागे ओढली आणि बसली, वाडग्याच्या बरोबर समोर. "मी थांबते."

स्यूचिनने भिंतीशी ठेवलेली दुसरी खुर्ची उचलून आणली आणि आईच्या शेजारी मांडली.